कातडीचा जुनाट विकार छातीवर उतरतो तेव्हा

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, खोडव्याची निगा असे विषय घेत असतो. या अंकात माणसाच्या कातडीचा आणि छातीचा विषय घेतला आहे. शेतकी खात्याने डॉक्टरकी कशाला करावी, असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. औषध देणे हे आमचे काम नव्हे. पण ज्या एका गवतापासून हा त्रास आपल्या भागात वाढतो, ते गवत आपल्याच धुऱ्यावर आणि आपल्याच पाटाच्या कडेला उगवते. ते काढणे न काढणे हे मात्र पुरते आपल्या हातातले काम आहे.

लागणीच्या नोंदी घेत गटातून फिरताना काही चेहरे आम्हाला दरसाल दिसतात. मान आणि चेहरा काळवंडलेला, डोळ्यांच्या पापण्या जाड झालेल्या, कोपराच्या लवणीत कातडी सालपटासारखी. विचारले तर उत्तर ठरलेले, “ऊन लागलं साहेब, पावसाळा सरला की जाते.” पहिली दोन-चार वर्षे ते पावसाळा सरल्यावर जातेही. मग एका वर्षी जातच नाही. पुढे त्याच माणसाला खोकला लागतो, चढ चढताना धाप लागते. तेव्हा घरचे म्हणतात, बिडीचा खोकला आहे. कातडीचे एक आणि छातीचे दुसरे, असे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जातात. पुष्कळदा ते एकाच वहीतले असतात, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

२०२५ च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत केस गळू लागले, तेव्हा दिल्लीपर्यंत धावाधाव झाली. ती व्हायलाच हवी होती. पण जो आजार वीस वर्षे हळूहळू माणसाला पोखरतो त्याच्यासाठी कोणी धावत येत नाही. त्याच्यासाठी आपल्यालाच सावध राहावे लागते.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ज्याला सरसकट खरूज, नायटा, गजकर्ण म्हणतो ते वेगळे. ते एकाचे दुसऱ्याला लागतात आणि योग्य औषधाने बरेही होतात. आपण बोलतो आहोत ते इसब, सोरायसिस आणि गाजर गवताच्या वावड्याने होणारा कातडीचा दाह यांविषयी. हे तिन्ही संसर्गाचे नाहीत. सोरायसिस झालेल्या माणसाचा पाण्याचा गडवा वेगळा ठेवणे, तोडीच्या टोळीत त्याला बाजूला जेवायला बसवणे, हा निव्वळ अडाणीपणा आहे. या आजारांत बाहेरचा जंतू कातडी खात नसतो. शरीराची स्वतःची राखणदार फौजच चवताळलेली असते. आणि ही फौज फक्त कातडीत नसते, बरं का. ती रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. म्हणून सोरायसिसवाल्याचे सांधे धरतात हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. छातीचे मात्र ठाऊक नाही.

आता गाजर गवताकडे येऊ. याला कोणी काँग्रेस गवत म्हणतो. मूळचे हे अमेरिका खंडातले. आपल्या देशात १९५० च्या दशकात ते पुण्याला नजरेस आले आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वत्र सांगतात. वीस वर्षांच्या आत ते रेल्वेच्या रुळांकडेने, ट्रकच्या चाकांबरोबर देशभर पसरले. पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात या गवताने होणाऱ्या कातडीच्या दाहाचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. म्हणजे हा आजार आपल्याच महाराष्ट्रात प्रथम नीट ओळखला गेला. तरी पन्नास वर्षांनंतर आपण त्याला “ऊन लागलं” म्हणतो.

या झाडाच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. लव वाळून भुकटी झाली, वाऱ्याने उडाली, तरी तिच्यातला गुण जात नाही. म्हणून गवताला हात न लावणाऱ्या माणसाच्याही चेहऱ्यावर, मानेवर, पापण्यांवर, सदऱ्याच्या उघड्या गळ्यावर दाह उठतो. कपड्याखालची कातडी बहुधा शाबूत असते, त्यावरून डॉक्टर हा आजार ओळखतात. हे वावडे लागलीच उठत नाही, स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून दोष नेमका कशाचा हे माणसाच्या ध्यानात येत नाही. सोमवारी निंदण केले आणि बुधवारी खाज सुटली, तर तो बुधवारच्या भाजीला दोष देतो! एकदा शरीराने हे वावडे धरले की ते सहसा सुटत नाही. पुढे पुढे शेवंती, सूर्यफूल अशा त्याच कुळातल्या झाडांचाही काहींना त्रास होऊ लागतो.

छातीचा मामला वेगळ्या दाराने येतो. गाजर गवताचे परागकण हवेत असतात. ते नाकात गेले की काहींना मिनिटांत शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे आणि पुढे दमा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या एका पाहणीत शंभरातल्या सुमारे ७ जणांना या परागांमुळे नाकाचा त्रास असल्याचे आढळले होते. पानाच्या द्रव्याचे कातडीशी भांडण आणि परागाचे नाका-छातीशी भांडण, ही दोन भांडणे निराळी आहेत. पण ज्याच्या वावराच्या धुऱ्यावर हे गवत कमरेइतके आहे त्याला दोन्ही एकदम भोवू शकतात, आणि तो फक्त एकाचेच मलम लावत बसतो.

ज्यांच्या घरात लहानपणापासून इसब आहे त्यांनी तर जास्त सावध असावे. कातडी म्हणजे शरीराचा बांध समजा. इसबात हा बांध जागोजाग फुटलेला असतो. धूळ, पराग, जनावरांच्या अंगावरचा कोंडा हे फटीतून आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखायला शिकते. मग तीच वस्तू श्वासातून गेली की छातीत घरघर सुरू होते. म्हणून लहानपणी जोराचे इसब असलेल्या पुष्कळ मुलांना पुढे दमा होतो. सगळ्यांनाच होतो असे नाही. पण अशा लेकराला रात्री खोकल्याची ढास लागत असेल तर “सर्दी आहे” म्हणून सोडून देऊ नये. आणि डॉक्टरांनी पंप लिहून दिला तर भिऊ नये. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. पंपातले औषध अगदी थोड्या मात्रेत थेट छातीत जाते. पोटात घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या मानाने ते कितीतरी सौम्य.

यात उसाच्या भागाचे एक खास दुखणे आहे ते सांगितले पाहिजे. कोरडवाहू वावरात मार्च-एप्रिलला गाजर गवत वाळून जाते. खडकपूर्णा, पेनटाकळी यांच्या पाण्यावर किंवा विहिरीवर ज्यांचा ऊस आहे त्यांच्या पाटाला, धुऱ्याला बारमाही ओल असते, म्हणून तिथे ते बारा महिने हिरवे. एकेक झाड हजारोंनी बी टाकते आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते. म्हणजे पाणी आम्ही उसाला देतो आणि सोबत त्यालाही पोसतो.

सोरायसिसचे थोडक्यात सांगतो. यात कातडीवर लाल चट्टे येऊन त्यावर चांदीसारखा पापुद्रा सुटतो. डोक्यात, कोपरावर, गुडघ्यावर जास्त. थंडीत वाढतो, आणि आपला गळीत हंगाम नेमका थंडीत. शिवाय जिथे कातडीला ओरखडा पडेल तिथे नवा चट्टा उठण्याची या रोगाची खोड आहे. उसाचे पाते किती कापते हे सभासदांना सांगायला नको. तेव्हा अशा माणसाने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घातल्याशिवाय उसात शिरू नये. देशोदेशीच्या पाहण्यांत असे दिसले आहे की, सोरायसिसच्या रुग्णांत श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त असतो. बिडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण, कारण तंबाखूचा धूर दोन्ही आजारांना खतपाणी घालतो. पण आतला दाह हाही त्यात हात धुऊन घेतो असे तज्ज्ञ मानतात. ज्याला सोरायसिस आहे आणि जो दिवसाला एक बंडल ओढतो, त्याने मलमाच्या खर्चाआधी बिडीचा खर्च बंद करावा.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आमच्या मते आपल्या भागात छाती बिघडते ती पुष्कळदा रोगापेक्षा औषधाच्या गैरवापराने.

चवताळलेली फौज शांत करायची तर तिची ताकद कमी करावी लागते. स्टेरॉइड, मेथोट्रेक्झेट, अझाथायोप्रिन ही औषधे तेच करतात. डॉक्टरांच्या देखरेखीत ती फार उपयोगाची आहेत. गाजर गवताच्या जुनाट दाहातही ती वापरतात. पण फौज झोपली की चोरांना रान मोकळे. आपल्या देशात असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे झोपून असतात. राखण ढिली पडली की ते उठतात, आणि उठतात ते बहुधा फुप्फुसात. म्हणून चांगला डॉक्टर अशी औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढायला सांगतो, घरात कोणाला क्षय होता काय ते विचारतो. अलीकडे सोरायसिससाठी महागडी इंजेक्शने निघाली आहेत. ती देण्याआधी क्षयाची तपासणी करतातच, आणि झोपलेले जंतू सापडले तर आधी त्यांचे औषध देतात. एक्स-रेचा खर्च उगाच लावला असे समजून तो टाळू नये.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाने काय केले ते ऐका. अंगावरचे चट्टे जात नाहीत म्हणून तो एका ठिकाणाहून पुड्या आणू लागला. पुडीत काय आहे हे कोणी विचारले नाही, कारण गुण लगेच आला. आठ दिवसांत कातडी साफ, भूक वाढली, चेहरा भरला. गावात त्याने आणखी चौघांना पत्ता दिला. सात-आठ महिन्यांनी बारीक खोकला, संध्याकाळी अंग मोडणे, वजनात घट. ताप फारसा नाही, कारण पुडीतले औषध ताप दाबून ठेवत होते. शेवटी थुंकीत रक्त पडले तेव्हा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात नेले. दोन्ही फुप्फुसांत क्षय. पुड्यांत स्टेरॉइड असावे असे तिथल्या डॉक्टरांचे म्हणणे पडले. माणूस वाचला, पण त्या साली त्याच्या अडीच एकर आडसालीला तुरे आले तरी तोडीकडे पाहायला घरात कोणी नव्हते, आणि आजही तो मोटार चालू करायला विहिरीपर्यंत गेला तरी मध्ये एकदा बसतो. याच्या उलट प्रकारही तितकाच वाईट. अशी पुडी किंवा गोळी महिनोन् महिने घेऊन एकदम बंद केली, तर सोरायसिस उसळून सगळे अंग लाल होते, सालपटे निघतात, थंडी वाजते. अंगावरची कातडी अशी गेली की शरीरातले पाणी आणि ऊब जाते, जंतू शिरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ही दवाखान्यात भरती करण्याची वेळ असते. घरी लेप लावत बसण्याची नव्हे.

मेथोट्रेक्झेटबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात वाचावी. कातडीच्या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चिठ्ठी नीट न वाचल्याने ती रोज घेतली गेली आणि माणसे दगावली, असे आपल्या देशात घडलेले आहे. रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, साधा संसर्गही आवरत नाही. आम्ही सुचवतो की, गोळीचा वार म्हणून आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरावा. तो कोणी विसरत नाही. डॉक्टरांना तसे सांगून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा आणि गोळ्यांची पट्टी घरातल्या एकाच शहाण्या माणसाच्या ताब्यात ठेवावी. जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी देतात. ती दिसायला कधी कधी सारखीच असते, म्हणून दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. दारू पूर्ण वर्ज्य. गरोदर बाईने किंवा मूल होऊ घातलेल्या जोडप्याने डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. रक्ताच्या तपासण्या सांगितलेल्या वेळी कराव्यात.

हीच गोळी विरळ प्रसंगी खुद्द फुप्फुसाला दाह करते. हे बहुधा पहिल्या वर्षात होते. कोरडा खोकला, ताप, आणि काही दिवसांत वाढत जाणारी धाप. असे झाले तर पुढच्या वाराची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि “मी ही गोळी घेतो” हे आपणहून सांगावे. छातीच्या डॉक्टरला कातडीची चिठ्ठी दाखवायची आणि कातडीच्या डॉक्टरला खोकला सांगायचा, हे लाजून टाळले जाते.

कातडीचे औषध चालू असो वा नसो, दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासून घ्यावा. सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे. औषध चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची योजना आहे. पूर्वी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बोलताना वाक्य पुरे होत नाही इतकी धाप, ओठ निळसर पडणे, थुंकीत रक्त, यात मात्र उद्याची वाट पाहू नये.

कारखान्याशी संबंध असणारी एक गोष्ट राहिली. उसाचा भुसा, म्हणजे बगॅस, ओला ढीग लावून ठेवला की आतून तापतो आणि त्याला बुरशी धरते. पुढे तो वाळल्यावर हलवला तर जी धूळ उडते तिने छातीला एक खास दाह होतो. डॉक्टर त्याला बगॅसोसिस म्हणतात. सकाळी धूळ खाल्ली तर संध्याकाळपर्यंत ताप, कोरडा खोकला, धाप. वारंवार झाले तर फुप्फुसात कायमचे वण पडतात. बुरशी लागलेला कडबा आणि सोयाबीनचे भिजून काळे पडलेले कुटार यांचीही तीच तऱ्हा. ज्याची राखण औषधाने ढिली केलेली आहे अशा माणसाने जुना भुसा भरणे, थ्रेशरच्या तोंडाशी उभे राहणे, ही कामे घेऊ नयेत. दुसऱ्यांनीही ढिगावर पाणी मारून, तोंडाला जाड फडके बांधूनच हात लावावा. पाचट जाळू नका हे आम्ही जमिनीसाठी कैक वर्षे सांगत आलो, त्याचा फारसा उपयोग झालेला नाही. शेजारच्या वाड्यात दम्याचे लेकरू झोपले आहे, या कारणाने तरी ऐकावे.

आता गवत काढण्याचे. फुलावर येण्याआधी, जून-जुलैत पहिल्या पावसाने जमीन मऊ असताना, मुळासकट उपटावे. फुलावर आल्यावर उपटले तर पराग आणि बी आपणच पसरवतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल पाहिजे. ज्याला एकदा वावडे धरले आहे त्याने आणि दमेकऱ्याने हे काम करूच नये. निंदणाला येणाऱ्या बायांना उघड्या हाताने हे उपटायला लावणे बंद करावे. मोज्यांची जोडी मालकाने द्यावी, ती मजुरीतून कापू नये. उपटलेले गवत चुलीत किंवा घराजवळ जाळू नये. फुलाआधीचे असेल तर खड्ड्यात कुजवून खत होते. काम झाल्यावर घरात शिरण्याआधी हात-तोंड साबणाने धुवावे, कपडे वेगळे धुवावेत.

मेक्सिकन भुंगेरे हा दुसरा उपाय. १९८३ साली बेंगळुरूला ते आणून तपासले गेले आणि पुढच्या वर्षी सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात, नंतर जमिनीत झोपी जातात. म्हणून ओलिताच्या धुऱ्यावर उन्हाळ्यात त्यांची मदत मिळत नाही. तिथे हातच चालवावा लागतो. मिठाच्या दाट पाण्याची फवारणीही काही जण सांगतात. रस्त्याच्या कडेला ठीक. वावरात ती करू नये. घाटाखालच्या खारपाण पट्ट्यातल्या मंडळींच्या जमिनीत तर मीठ आधीच हवे त्यापेक्षा जास्त आहे. नव्या लागणीत ॲट्राझिन उगवणीपूर्वी शिफारशीप्रमाणे फवारल्यास सरीतले गाजर गवत बरेच आटोक्यात राहते, पण फवारणाऱ्याची कातडी धड असली पाहिजे.

पडीक जागी आणि गावठाणाच्या कडेला तरोटा पेरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. तरोट्याच्या शेंगा दिवाळीच्या सुमारास पिकतात. त्या आताच हेरून ठेवाव्यात, बी गोळा करून कोरड्या डब्यात ठेवावे आणि पुढच्या मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी, फेकून पेरावे. भुंगेरे ज्यांच्या वावरात आहेत त्यांनी ऑगस्टमध्ये आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला कळवावे. जाळीच्या डब्यात धरून ते दुसऱ्या गावच्या धुऱ्यावर सोडता येतात.